ट्रायलमध्ये नवी गोळी मिळण्याआधी जुनी सुटते

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊ २९ वर्षांचा, तीन वर्षांपासून डिप्रेशन. आधी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम दीड महिना घेतली, फरक पडला नाही म्हणून बदलली. आता वेनलाफॅक्सिन ७५ मिलिग्रॅम चालू आहे. झोप जरा सुधारली, पण कशात जीव रमत नाही, नोकरी सुटली. एका हॉस्पिटलमधून त्याला नव्या गोळीच्या ट्रायलसाठी विचारलंय. मुदत आठ आठवडे. निम्म्या लोकांना नवी गोळी, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचे पैसे मिळणार. आई म्हणते, "माझ्या पोरावर प्रयोग नकोत." वडील म्हणतात, औषधांचा खर्च तरी वाचेल. भाऊ म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं." सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. हो म्हणावं का?

ताई, मानसोपचाराच्या ट्रायल्समध्ये रुग्णांच्या मुलाखती घेणं, संमतीची प्रक्रिया करणं, गोळ्यांचा हिशेब ठेवणं हे माझं रोजचं काम आहे. ते करते म्हणूनच सरसकट "घ्या" किंवा "नको" असं सांगणार नाही. भावाचा आजार किती तीव्र आहे, आत्महत्येचे विचार कधी आले होते का, घरात दिवसभर कोण असतं, या तीन गोष्टी तुमच्या लिहिण्यात नाहीत आणि उत्तर बरंचसं त्यांवरच ठरतं. पण तुमच्या घरात तिघांचं लक्ष नव्या गोळीकडे लागलंय, ती चांगली की वाईट याकडे. अशा ट्रायलमध्ये घोटाळा होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच जागी होतो. चालू असलेली गोळी बंद करावी लागते तिथे.

त्याच्याही आधी एक विचारते. भावाला दोन औषधं "लागू पडली नाहीत" हे नक्की ठरलंय का? एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅमपर्यंत देतात, त्याला १० च मिळाली. वेनलाफॅक्सिनचं ७५ ही सुरुवातीची मात्रा आहे. घरी राहून उपचार घेणाऱ्या रुग्णात ती रक्तदाबावर लक्ष ठेवून २२५ पर्यंत नेता येते. एखादं औषध फुकट गेलं असं म्हणायचं तर त्याची पुरेशी मात्रा सहा ते आठ आठवडे, रोज, न चुकता पोटात गेलेली असावी लागते. तुमच्या हिशेबात पहिलं औषध जेमतेम निम्म्या मात्रेत झालंय आणि दुसऱ्याला अजून वाव आहे. तेव्हा सोमवारच्या आत त्याच्या नेहमीच्या मानसोपचारतज्ज्ञांना सरळ विचारा: "मात्रा वाढवून बघायची राहिली आहे का? थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलंय का? समुपदेशन जोडायचं का?" यावर त्यांचं उत्तर "हो, हे बाकी आहे" असं आलं, तर ट्रायल ही आजची गरज नाही. रोजच्या उपचारातली सोपी पायरी आधी चढावी. हीच औषधं पूर्ण मात्रेत होऊन गेली असती, तिसरंही झालं असतं, तर माझा कल वेगळा असता.

आता समजा डॉक्टर म्हणाले की ट्रायलचा विचार करायला हरकत नाही. उपचार आणि ट्रायल यांतला फरक घरात सगळ्यांना कळला पाहिजे, अगदी आईंनासुद्धा. उपचारात डॉक्टर भावाकडे बघून मात्रा वाढवतात, कमी करतात, औषध बदलतात. ट्रायलमध्ये सगळं आधीच लिहून ठेवलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे चालतं. कोणाला काय मिळायचं ते संगणकाच्या चिठ्ठीवर ठरतं, आणि समोर बसलेल्या डॉक्टरांनाही ते माहीत नसतं. डॉक्टर तेच, खोली तीच, ओपीडीची रांगही तीच, म्हणून रुग्णाला वाटत राहतं की हे आपल्यासाठी खास औषध निवडलंय. निवडलेलं नसतं. ट्रायलचं काम एका प्रश्नाचं उत्तर काढणं हे असतं. त्यात भावाला बरं वाटलं तर आनंदच आहे, पण तशी हमी कोणी देऊ शकत नाही. माहितीपत्रकातही हे लिहिलेलं असावं लागतं: नव्या औषधाचा परिणाम न होण्याची शक्यता आहे आणि प्लासिबोत औषधी गुण नाही.

जुनी गोळी सुटणं म्हणजे काय, ते नीट सांगते. प्लासिबोशी तुलना करायची तर शरीरात आधीचं औषध उरलेलं चालत नाही. म्हणून सुरुवातीला काही दिवस किंवा आठवडे औषध बंद ठेवतात. त्याला वॉशआउट म्हणतात. किती दिवस, ते औषधावर अवलंबून असतं. फ्लुऑक्सेटिन शरीरातून जायला पाच आठवडे धरतात, वेनलाफॅक्सिन काही दिवसांत निघून जातं. लवकर निघून जातं हे ऐकायला बरं वाटतं, पण त्रास त्याचाच जास्त होतो. वेनलाफॅक्सिन एकदम थांबवलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गरगरणं, मळमळ, चिडचिड, घाम, विचित्र स्वप्नं सुरू होऊ शकतात. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं असंही रुग्ण सांगतात. घरच्यांना वाटतं आजार उलटला. ट्रायलच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर वाटतं नव्या गोळीनं बाधलं. दोन्ही अंदाज चुकू शकतात आणि त्यावरून घेतलेले निर्णयही. म्हणून विचारायचं ते असं: "७५ वरून ३७.५ वर किती दिवस ठेवणार? मग पूर्ण बंद कधी? त्या दिवसांत फोन कोण करणार?" दोन ते चार आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवणार असतील तर ठीक. "उद्यापासून बंद करा, पुढच्या आठवड्यात या," असं कोणी म्हणालं तर मी तिथेच थांबेन.

आणि एक गोष्ट लोक मोजतच नाहीत. ७५ मिलिग्रॅमवरही भावाचा जीव कशात रमत नाही, पण झोप सुधारली हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे औषध थोडं तरी काम करतंय. ते काढल्यावर मिळालेलं तेवढंही जाऊ शकतं, आणि त्याच्या जागी औषध मिळण्याची शक्यता निम्मी. सगळ्याच ट्रायल्समध्ये औषध सोडावं लागत नाही. काहींत चालू औषध तसंच ठेवून वर नवी गोळी किंवा प्लासिबो जोडतात. तुमच्या भावासारख्याला, ज्याला थोडा गुण आहे पण पुरता नाही, अशी जोड-ट्रायल कितीतरी बरी. हॉस्पिटलमध्ये तशी एखादी चालू आहे का, हे विचारायला लाजू नका. कोऑर्डिनेटरला माहीत असतं.

प्लासिबो म्हणजे फसवणूक, असंही समजू नका. डिप्रेशनच्या ट्रायल्समध्ये प्लासिबो मिळालेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त लोकांना बरं वाटतं. प्रत्येक भेटीत कोणीतरी तासभर बसून विचारतं, आजार थोडा आपोआपही उतरतो, आशा असते, हे सगळं त्यात येतं. मुद्दा उरलेल्यांचा आहे. त्यांना काही आठवडे उपचाराशिवाय काढावे लागतात. ज्याला मरणाचे विचार येऊन गेलेत, ज्यानं पूर्वी प्रयत्न केलाय, जो एकटा राहतो, त्याच्यासाठी प्लासिबोची ट्रायल मला योग्य वाटत नाही. प्रोटोकॉल त्याला घेऊ देत असला तरी नाही.

समजा ट्रायलमध्ये तब्येत बिघडली, तर? माहितीपत्रकाचं हे पान सगळ्यात नीट वाचा. बिघाड कशावरून ठरवणार, कोण ठरवणार आणि मग काय देणार, ही तीनही उत्तरं तिथे सापडली पाहिजेत. मॉंटगोमेरी-अ‍ॅस्बर्ग नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी असते, शून्य ते ६० गुण. आत्महत्येच्या विचारांसाठी कोलंबियाची वेगळी प्रश्नावली असते, त्यात विचारांच्या पाच पायऱ्या धरतात. चौथी-पाचवी पायरी म्हणजे नुसता विचार नाही, तसं करण्याचा इरादाही आहे. त्या पायरीवर रुग्ण पोचला तर गोळी थांबवून लगेच नेहमीचा उपचार सुरू व्हायला हवा. झोपेची किंवा घाबरेपणाची तात्पुरती गोळी चालते का, किती दिवस चालते, हेही विचारून ठेवा. पंचवीसच्या आतल्या मुलांत डिप्रेशनची औषधं सुरू करताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा या औषधांवर असतो. भाऊ २९ चा आहे, तरी पहिले चार आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे.

भेटी साधारण शून्य, एक, दोन, चार, सहा, आठ अशा आठवड्यांना असतात. दुसऱ्या आठवड्यापासून पुढे दोन भेटींच्या मध्ये पंधरा दिवस रिकामे जातात. तिथे घरच्यांनी रोज बघायचं: झोप किती झाली, ताटात किती उरलं, अंघोळ-दाढी चालू आहे का, स्वतःच्या वस्तू वाटून टाकतोय का, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं बोलणं वाढलंय का. एका वहीत तारीख घालून दोन ओळी लिहा. मुलाखतीत रुग्ण "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो, तेव्हा ही वही उपयोगी पडते. घरातला गोळ्यांचा जुना साठा, आईवडिलांच्या झोपेच्या गोळ्यांसकट, कुलपात ठेवा. ट्रायलचं ओळखकार्ड मिळतं, त्यावर चोवीस तासांचा नंबर असतो. ते भावाच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये. रात्री कुठल्याही दुसऱ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना ते दाखवा. गरज पडली तर कोड फोडून, म्हणजे कोणाला काय दिलंय ती गुप्त नोंद उघडून, कोणती गोळी चालू आहे हे सांगता येतं. रात्रीबेरात्री नुसता बोलायला कोणी हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही आहे. तो ट्रायलच्या नंबरऐवजी नाही, त्याच्या जोडीला.

भाऊ कुठल्याही हॉस्पिटलात भरती झाला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता ट्रायलच्या डॉक्टरांना कळवा. रुग्ण भरती होणं ही कायद्यानं गंभीर घटना आहे. डॉक्टरांना ती २४ तासांत औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायलमध्ये रुग्णांचं हित जपलं जातंय का हे बघणाऱ्या समितीला, कळवावी लागते. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे, इजा ट्रायलमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेल तोवर, यांतलं जे आधी होईल तिथपर्यंत, उपचार फुकट मिळायला हवेत. इजा ट्रायलशी संबंधित ठरली तर भरपाई वेगळी. फक्त नव्या गोळीनं झालेली इजाच यात येते असं नाही. प्रोटोकॉलमध्ये जो उपचार द्यायचा ठरला होता तो प्लासिबोवरच्या माणसाला दिला नाही आणि त्यामुळे नुकसान झालं, तर तेही धरतात. मृत्यूच्या बाबतीत आठ लाख हा पाया धरून वय आणि जोखीम यांच्या गुणकांनी रक्कम काढतात. संमतीपत्रात भावाचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. लोक यावरच घाबरतात, "वारस कशाला विचारता?" ते या भरपाईसाठी असतं. रकाना रिकामा ठेवू नका.

आता संमतीकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य भावाचं आहे: "तुम्ही म्हणाल तसं." डिप्रेशनमध्ये माणूस निर्णयाला कंटाळलेला असतो, नकार द्यायचीही ताकद नसते. असा होकार कागदावर चालतो, पण तो खरा होकार नाही. त्याला निर्णयक्षमता असेल, आणि बहुतेक डिप्रेशनच्या रुग्णांत ती असते, तर सही त्याचीच लागते. तुमची नाही, वडिलांचीही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ९९ संशोधनाबद्दलच आहे. त्यात मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची स्वतःची, मोकळ्या मनानं दिलेली, समजून घेतलेली संमती मागितली आहे. ज्याला ती देताच येत नाही पण जो विरोधही करत नाही, अशा व्यक्तीसाठी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तीही कडक अटींवर. नातेवाइकांनी सही केली की झालं, असं नाही.

घरी एक करून बघा. भाऊ नीट झोपून उठला असेल, जेवला असेल, अशा वेळी त्याला माहितीपत्रक वाचू द्या. मग कागद बाजूला ठेवून त्याच्या शब्दांत सांगायला लावा: ही ट्रायल कशाची आहे? तुला औषधच मिळेल असं आहे का? आत्ताची गोळी काय होणार? त्रास झाला तर कोणाला फोन करशील? मध्येच सोडायची असेल तर? यातल्या "औषधच मिळेल का" या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. सगळं वाचूनही म्हणतात, "डॉक्टर देतायत म्हणजे औषधच असेल ना." असं उत्तर आलं तर अजून समजलेलं नाही. पुन्हा सांगा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आम्हीही हेच करतो. नवीन रेणू, म्हणजे आधी वापरात नसलेलं औषध, असेल आणि मानसिक रुग्णासारखी व्यक्ती असेल तर ही समजावण्याची प्रक्रिया व्हिडिओवर घ्यावी लागते. कॅमेरा सहीसाठी नसतो. रुग्णाला काय सांगितलं, त्यानं काय विचारलं, त्याला काय कळलं, हे त्यात दिसावं लागतं. म्हणून कॅमेऱ्यासमोर भावानं प्रश्न विचारावेत. अडचणीचे असले तरी विचारावेत.

भाषेचा एक मुद्दा, जो इंदूरच्या मराठी घरांत नेहमी राहून जातो. इथली माहितीपत्रकं हिंदी आणि इंग्रजीत असतात. आपण सगळे हिंदी फाडफाड बोलतो, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही. पण बाजारातली हिंदी वेगळी आणि मनातलं सांगायची भाषा वेगळी. "उदासी है?" याला भाऊ "नहीं" म्हणेल, आणि "कशात जीव रमत नाही का रे?" याला डोळ्यांत पाणी आणेल. गुण त्या उत्तरावर पडतात. संमती ज्याला द्यायची त्याला कळेल अशा भाषेत असली पाहिजे, असा नियमच आहे. एकच ट्रायल बऱ्याचदा महाराष्ट्रातल्या केंद्रांवरही चालू असते, आणि तिथलं मराठी माहितीपत्रक तयार असतं. "मराठी प्रत आहे का?" असं विचारा. इथल्या एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन ती वापरता येते, थोडा वेळ लागतो इतकंच. मुलाखत घेणारं कोणी मराठी असेल तर पहिल्या भेटीपासून तेच माणूस असावं असा आग्रह धरा. मध्येच माणूस बदललं की गुणही हलतात.

आईंच्या भीतीबद्दल. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही, इंदूरमध्ये तर मुळीच नाही. २०१० नंतर इथल्या औषध चाचण्यांवरून मोठा गदारोळ झाला. रुग्णांना धड न सांगता चाचण्या केल्याचे आरोप झाले, त्यात मानसिक रुग्णांचाही विषय होता. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१३ मध्ये भरपाईचे नियम, एथिक्स कमिट्यांची नोंदणी, व्हिडिओ संमती हे सगळं लागोपाठ आलं, आणि २०१९ मध्ये वेगळे नियम झाले. आज आईंना जे कागद मागता येतात ते त्या लोकांच्या भांडणामुळे. म्हणून आईंना गप्प करू नका, त्यांना सोबत न्या. "पोरावर प्रयोग" या शब्दात राग आहे, पण ट्रायल प्रयोगच असते हे त्यांनी बरोबर ओळखलंय.

कागद तपासायला फार वेळ लागत नाही. माहितीपत्रकावर किंवा विचारल्यावर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मिळेल. सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि पुढे आकडा अशी त्याची ठेवण असते. ही सरकारी नोंदवही सगळ्यांना फुकट बघता येते. तिथे इंदूरचं केंद्र आणि तुमच्या डॉक्टरांचं नाव आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी दाखवली आहे का, नव्या औषधाला औषध नियंत्रकांची परवानगी दिसते का, हे बघा. नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवी. एथिक्स कमिटीत कमीत कमी सात सदस्य लागतात, निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. तिच्या सचिवांचा फोन नंबर माहितीपत्रकावर असतो. तो शोभेसाठी नसतो, फोन करून शंका विचारता येते. क्रमांक द्यायला कोणी टाळाटाळ केली तर पुढचं बोलणंच नको.

पैशांचं थोडक्यात. रुग्णाला मिळतात ते जाण्यायेण्याचे आणि बुडालेल्या दिवसाचे, भेटीगणिक. मध्येच सोडलं तरी झालेल्या भेटींचे मिळतात. "पूर्ण केलं तरच पैसे" ही अट चुकीची. वडिलांना एक सांगा: आठ आठवड्यांची औषधं वाचतील हे खरं, पण त्या बचतीसाठी भावाचं चालू औषध सोडायला लावणं हा महागाचा सौदा आहे.

भाऊ ट्रायलमध्ये गेलाच तर काही व्यवहारातल्या गोष्टी. घेतलं जावं म्हणून लक्षणं फुगवून सांगू नका. खोटे गुण चढले तर दोन आठवड्यांत ते आपोआप उतरतात, मग ना औषधाचं खरं कळतं ना भावाचं. आयुर्वेदिक काढा, अश्वगंधा, होमिओपॅथी, मेडिकलमधून आणलेलं खोकल्याचं सिरप, सगळं सांगा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप डिप्रेशनच्या काही औषधांबरोबर घातक ठरतं. महाशिवरात्रीची किंवा होळीची भांग लघवीच्या तपासणीत दिसते, आणि तेवढ्यावरून नाव निघतं. रक्त उपाशीपोटी घेतात तेव्हा पोहे-जिलेबी डब्यात न्या, आधी खाऊ नका. भेटीची तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे चालते, त्याहून जास्त नाही. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याकडून निघणं होणार नाही, तेव्हा तारखा आधीच बघून ठेवा. रिकाम्या पट्ट्या फेकू नका, प्रत्येक भेटीला परत न्या, मोजल्या जातात. गोळी चुकली असेल तर चुकली म्हणून सांगा. कोणी रागावत नाही, आणि खोट्या हिशेबावरून पुढच्या रुग्णांची मात्रा ठरते.

आठव्या आठवड्यानंतर काय, हे कोणी विचारत नाही. ट्रायलचं औषध लागू पडलं तरी ते पुढे मिळेलच असं नाही. नियमात ट्रायलनंतर फुकट औषध देण्याची तरतूद आहे, पण ती ज्या आजाराला दुसरा उपचारच नाही त्याच्यासाठी. डिप्रेशनला उपचार आहेत, त्यामुळे ती इथे बहुधा लागू होत नाही. काही ट्रायल्सना पुढे सगळ्यांना खरं औषध देणारा टप्पा जोडलेला असतो, तो आहे का आणि किती महिन्यांचा, ते आत्ताच विचारा. नसेल तर शेवटच्या भेटीच्या दिवशी हातात कोणती चिठ्ठी असेल, हे नेहमीच्या डॉक्टरांशी आधी ठरवून ठेवा. मध्ये सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं, हॉस्पिटलचा नेहमीचा उपचार त्यामुळे थांबवता येत नाही. फक्त गोळी मनानं एकदम बंद करू नका. शेवटची तपासणी आणि ईसीजी करून, सांगतील तशी उतरवा.

सगळ्या ट्रायल्स गोळ्यांच्या नसतात, हेही भावाला सांगा. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक ट्रायल झाली. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना रोजची छोटी कामं पुन्हा सुरू करायला लावली. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के सावरले होते, नेहमीचा उपचार घेणाऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये हे छापून आलं. पुढे तीच पद्धत आपल्या मध्य प्रदेशात आशा कार्यकर्त्यांना शिकवायचं काम झालं, सीहोरकडे. अशा अभ्यासात सहसा चालू औषध सोडावं लागत नाही. जोखीम कमी, आणि ज्याचा "जीव रमत नाही" त्याला थेट उपयोगी.

सोमवारचं म्हणाल तर ती तारीख हॉस्पिटलच्या सोयीची आहे. माहितीपत्रक घरी नेऊन वाचायला, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायला वेळ मागा, तो मिळायलाच हवा. सोमवारी जा, पण सहीसाठी नाही. एका कागदावर पाच प्रश्न लिहून न्या: वेनलाफॅक्सिन कशी उतरवणार, जोड-ट्रायल आहे का, बिघडलं तर कोणत्या दिवशी काय देणार, मराठी प्रत मिळेल का, आणि आठ आठवड्यांनंतर काय. कागद भावाच्या हातात द्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. पहिला प्रश्न त्यानं विचारला आणि उत्तरावर पुढचा स्वतःहून विचारला, तर निर्णय त्याच्यावर सोडायला हरकत नाही. कागद त्यानं तुमच्याकडे परत सरकवला, तर सही अजून आठवडाभर थांबू द्या आणि नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घ्या.